रानातला काळोख कुणाचा?

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची सुरुवात रानात होते. पस्तिशीला आलेला एक माणूस गर्द, काळोख्या रानात सापडला आहे. वाट नेमकी कुठे सुटली हे त्याला सांगता येत नाही. ती सुटली तेव्हा आपण झोपेच्या गुंगीत होतो, एवढंच त्याला आठवतं. समोर एक टेकडी आहे, तिच्या माथ्यावर सकाळचं ऊन आलेलं दिसतं. तो चढायला लागतो, तर आधी बिबळ्यासारखं एक जनावर आडवं येतं, मग सिंह, मग एक हडकुळी, वखवखलेली लांडगीण. माणूस मागे हटतो, पुन्हा त्याच काळोखाकडे. काव्यातला काळ १३०० सालच्या ईस्टरचा आहे. दान्ते १२६५चा. सत्तर वर्षांचं आयुष्य धरलं, तर बरोबर निम्मं संपलेलं.

वर्गात हे शिकवताना बहुधा असं सांगतात, की रान म्हणजे पाप, काळोख म्हणजे अज्ञान आणि टेकडीवरचं ऊन म्हणजे ईश्वरी कृपा. हा अर्थ खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबलं, की हे रान कुणी पाहिलं हा प्रश्न राहूनच जातो. दान्ते हा फ्लॉरेन्स शहराच्या कारभारातला मोठा माणूस. १३०० साली तो शहराच्या सर्वोच्च पदांपैकी एकावर होता. दोनच वर्षांत गटातटाच्या राजकारणात त्याचा पक्ष हरला, त्याला हद्दपार केलं गेलं, आणि परत सापडला तर जिवंत जाळावं असा हुकूम निघाला. ‘कॉमेडी’ त्यानं लिहिली ती या हद्दपारीत, दुसऱ्यांच्या दाराशी राहून. १३२१ साली तो रावेन्नात वारला, फ्लॉरेन्सला परतला नाही. म्हणजे जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध काळोखं रान लिहिलं ते शहरानं वेशीबाहेर काढलेल्या एका माणसानं.

साहित्यातली रानं वाचताना मला हाच धागा पुन्हा पुन्हा हाती लागतो. गावाला जे नको असतं ते रानात नेऊन टाकलं जातं. नकोशी पोरं, नकोसा राजपुत्र, संशय घेतलेली बायको, कबूल करता न येणारं पाप. मग रान काळोखं आहे, भयाण आहे असं गावच म्हणू लागतं. तो काळोख रानाचा कमी आणि गावाचा जास्त असतो, असं माझं म्हणणं आहे.

अर्थात रानात काळोख खरोखरही असतो, आणि तो माणसाच्या शरीराला फसवतो. आपल्याकडे याला चकवा लागला म्हणतात. रात्रीच्या वेळी माणूस रानातून सरळ चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाशी येतो, पुन्हा निघतो, पुन्हा तिथेच येतो. अशा वेळी धावाधाव करू नये, झुंजूमुंजू होईपर्यंत बसून राहावं, असं जाणती माणसं सांगत. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली याचीच परीक्षा प्रसिद्ध केली. जीपीएस देऊन माणसांना जर्मनीतल्या एका सपाट, मोठ्या रानात कित्येक तास सरळ चालायला सांगितलं. ज्यांना सूर्य दिसत होता ते बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले सगळे गोल फिरले, त्यांतल्या बहुतेकांनी आपलीच वाट पुन्हा ओलांडली, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. डोळे बांधून चालवलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी अवघ्या वीस मीटर व्यासाची होती. कारण साधं आहे. दूरची एखादी स्थिर खूण दिसेनाशी झाली, की चालताना होणाऱ्या बारीक चुका साठत जातात आणि ‘सरळ’ कुठे आहे याचा शरीराचा अंदाजच सरकतो. दान्तेच्या माणसाला सरळ वाट सापडत नाही आणि टेकडीवरचं ऊन दिसताच त्याला धीर येतो, यात रूपक आहे तेवढंच चालणाऱ्या पायांचं सत्यही आहे.

दान्तेचं मोठेपण असं, की त्यानं रानाला एकच अर्थ दिला नाही. ‘कॉमेडी’त मला तीन रानं दिसतात. पहिलं हे. दुसरं नरकाच्या सातव्या वर्तुळात, आत्महत्या केलेल्यांचं. तिथे पाऊलवाट नाही, पानं हिरवी नाहीत, फांद्या गाठाळ आणि वेड्यावाकड्या, काटे विषारी. दान्ते हात पुढे करून एक डहाळी मोडतो, तर मोडल्या जागेतून रक्त आणि शब्द एकदमच बाहेर येतात. ते झाड म्हणजे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा मंत्री पिएर देल्ला विन्या. दरबारातल्या मत्सरानं त्याच्यावर फितुरीचा आळ आला आणि त्यानं जीव दिला. हा माणूसही शहरानं, दरबारानं फेकून दिलेला, आणि त्याला ऐकणारा दान्ते स्वतः खोट्या आरोपांवरून हद्दपार झालेला. इथे दान्तेचं मन कळवळतं, पुढे बोलायला त्याला शब्द सुचत नाहीत.

तिसरं रान शुद्धिलोकाच्या डोंगरमाथ्यावर आहे. आदम आणि ईव्ह यांचं हरवलेलं नंदनवन ते हेच, आणि ते बाग नाही, दाट जिवंत रान आहे. इथे दान्ते सावकाश, रमतगमत चालतो. पाखरं गातात, पानांमधून वारा वाहतो, आणि त्या आवाजाला जोड म्हणून तो रावेन्नाजवळच्या समुद्रकाठच्या पाइनच्या रानाची आठवण देतो. हद्दपारीत आसरा मिळालेल्या गावाजवळचं हे खरं रान. मधून एक ओढा वाहतो. दाट सावलीमुळे तिथे ऊन किंवा चांदणं कधीच शिरत नाही, पाणी काळंभोर दिसतं, पण ते इतकं निर्मळ आहे की तळाचं काहीच लपत नाही. म्हणजे या रानातही काळोख उरलाच आहे. फक्त आता तो काही लपवत नाही. पहिल्या सर्गावर थांबणाऱ्या वाचकाला हे तिसरं रान कधी भेटतच नाही, याची मला फार हळहळ वाटते.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथांचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यातली हान्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट मराठी मुलांनाही ठाऊक आहे, पण खाऊच्या घरापर्यंतचा तिचा पूर्वार्ध बहुधा घाईनं उरकला जातो. लाकूडतोड्याच्या घरात अन्नाचा कण नाही. भुकेनं झोप न लागलेली दोन मुलं आईबापांचं बोलणं ऐकतात, की उद्या यांना रानात सोडून यायचं. १८१२च्या आवृत्तीत हे सुचवणारी बाई मुलांची सख्खी आई आहे. पुढच्या आवृत्त्यांत ग्रिम बंधूंनी तिची सावत्र आई केली. सख्खी आई असं करते हे मध्यमवर्गीय घरांतून खपण्याजोगं नव्हतं. हान्सेल चांदण्यात चमकणारे पांढरे खडे खिशात भरतो आणि त्यांच्या खुणेनं दोघं पहिल्यांदा परत येतात. या गोष्टीतला एक तपशील मला विसरता येत नाही. मुलांना शेकोटीपाशी बसवून बाप निघून जातो. मुलांना दिवसभर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात, बाप जवळच लाकडं तोडतोय या भरवशावर ती झोपी जातात. तो आवाज कुऱ्हाडीचा नसतोच. बापानं एका वठलेल्या झाडाला एक फांदी बांधून ठेवलेली असते आणि ती वाऱ्यानं खोडावर आपटत असते.

युरोपात १३१५ ते १३१७ या वर्षांत मोठा दुष्काळ पडला होता. त्या आणि नंतरच्या दुष्काळांत पोरं सोडून दिल्याच्या आठवणी अशा कथांत साठल्या असाव्यात, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. ब्रूनो बेटलहाइम या मानसोपचारतज्ज्ञानं १९७६ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात वेगळी दिशा धरली. त्याच्या मते रान म्हणजे मुलाचं अंतर्मन आणि टाकून दिलं जाणं म्हणजे मुलाच्याच मनातली भीती. मला हा अर्थ पटत नाही. त्यात भूक गळून पडते आणि वाऱ्यावर आपटणाऱ्या त्या फांदीची जबाबदारी बापाच्या खांद्यावरून मुलांच्या मनावर येते. गोष्ट नीट वाचली तर रानानं या मुलांचं काहीच वाकडं केलेलं नाही. दुसऱ्या खेपेला खुणेसाठी टाकलेले पावाचे तुकडे पाखरांनी खाल्ले, तेही भुकेपोटी. घात केला तो दोन घरांनी. एक त्यांचं स्वतःचं, दुसरं चेटकिणीचं, आणि दोन्हीकडे भट्टी आणि भाकरीचाच प्रश्न होता.

ग्रिम बंधू ज्या कासेल शहरात या कथा गोळा करत होते तिथे तेव्हा नेपोलियनचा भाऊ राज्य करत होता, आणि थोरला याकोब त्याच राजाचा ग्रंथपाल होता. परक्यांच्या अमलाखाली जर्मन लेखक-चित्रकारांना रानात आपलं मूळ दिसू लागलं. ग्रिम बंधूंनी १८१३ साली जे नियतकालिक सुरू केलं त्याचं नावच ‘जुनी जर्मन रानं’ असं होतं. कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या चित्रकाराचं १८१४चं एक चित्र आहे. उंच सूचिपर्णी झाडांच्या काळ्या भिंतीपुढे पाठमोरा उभा असलेला एकटा फ्रेंच सैनिक, समोरच्या बर्फात एका खोडावर बसलेला कावळा. इथे रानाचा काळोख आपल्या बाजूचा झाला आहे, तो शत्रूला गिळणार आहे. तीच झाडं, तोच अंधार, फक्त बघणारा बदलला.

अमेरिकेत नथॅनिएल हॉथॉर्ननं हा विषय मुळापर्यंत नेला. त्यालाही तो घरातूनच मिळाला होता. त्याचा खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हा सेलम गावातल्या १६९२च्या चेटूक खटल्यांतला एक न्यायाधीश. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली. रानात सैतान राहतो आणि मूळ रहिवासी त्याचेच लोक, असं तिथले प्युरिटन वसाहतवाले मानत. हॉथॉर्नची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा १८३५ची. नवीनच लग्न झालेला ब्राउन तिन्हीसांजेला बायकोचा निरोप घेऊन रानात जातो. तिचं नावच फेथ, म्हणजे श्रद्धा, आणि तिच्या टोपीला गुलाबी फिती आहेत. रानात सैतानाचा मेळा भरलेला आहे, आणि पेटलेल्या झाडांच्या उजेडात ब्राउनला दिसतात ते अनोळखी राक्षस नव्हेत. त्याला धर्माचे पाठ देणारी म्हातारी आहे, चर्चचे पुढारी आहेत, गावातली झाडून सगळी मान्यवर मंडळी आहेत, आणि वरून तरंगत एक गुलाबी फीत खाली येते. सकाळी तो गावात परततो. ते स्वप्न होतं की खरं, हॉथॉर्न सांगत नाही. ब्राउन मात्र त्यानंतर मरेपर्यंत कुणावर विश्वास ठेवू शकत नाही.

याच लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही १८५०ची कादंबरी शेजारी ठेवावी. व्यभिचाराची शिक्षा म्हणून हेस्टरला छातीवर लाल अक्षर लावून वावरावं लागतं. सात वर्षांनी ती रानात आपल्या प्रियकराला भेटते, ते अक्षर काढून फेकते, टोपी काढून केस मोकळे सोडते, आणि तोवर अंधारलेल्या रानात एकदम ऊन पडतं. इथे रान ही एकच जागा आहे जिथे गावाचा निवाडा चालत नाही. पण ओढ्यापलीकडे उभी असलेली तिची लहानगी मुलगी पर्ल आईकडे यायला तयार होत नाही. जन्मापासून तिनं आईला त्या अक्षराशिवाय पाहिलेलंच नाही. हेस्टर अक्षर उचलून पुन्हा छातीवर लावते तेव्हाच पोर ओढा ओलांडते. मूल हट्ट करतंय असं वाटतं, आणि त्या हट्टातून अख्खं गाव रानात येऊन उभं राहतं.

रॉबर्ट फ्रॉस्टची हिवाळी संध्याकाळच्या रानावरची कविता १९२३ साली छापून आली. नेहरूंनी तिच्या शेवटच्या ओळी स्वतःच्या अक्षरात लिहून जवळ ठेवल्या होत्या म्हणून ती आपल्याकडे घरोघर पोचली. ती मृत्यूच्या ओढीची कविता आहे की नाही यावर पुष्कळ लिहिलं गेलं, फ्रॉस्टला स्वतःला तो अर्थ मान्य नव्हता. मला तिथे एवढंच दाखवावंसं वाटतं, की त्या रानाला मालक आहे, आणि तो गावात राहतो. हॉथॉर्नच्या प्युरिटनांचं सैतानाचं रान तोवर सात-बारावर चढलेलं आहे.

१८९९ साली, फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत, ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ क्रमशः आली. कॉनरॅड १८९० साली काँगो नदीवर बोटीवर काम करून आला होता. बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड त्या मुलखाचा खासगी मालक होता, आणि हस्तिदंत आणि रबरापायी तिथे माणसं मारली जात होती. कादंबरी वाचताना काळोख आफ्रिकेच्या रानात आहे असं वाटत राहतं, पण कॉनरॅड तो हलवत नेतो. गोष्ट सुरू होते लंडनपाशी, थेम्सच्या मुखाशी, आणि निवेदक आधीच सांगून टाकतो, की रोमन इथे आले तेव्हा हाही मुलूख असाच काळोखा होता. शेवट होतो युरोपातल्या एका दिवाणखान्यात, हस्तिदंतापायी रानात गेलेल्या आणि आता मेलेल्या कुर्ट्‌झच्या वाग्दत्त वधूपुढे, बाहेर अंधारत असताना, एका खोट्या उत्तरानं. कुर्ट्‌झनं रानात जे केलं त्याचं मूळ त्या दिवाणखान्यात आहे.

तरीही नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या व्याख्यानात या पुस्तकावर कठोर हल्ला चढवला, आणि तो मला रास्त वाटतो. युरोपचं मन कसं ढासळतं हे दाखवायला कॉनरॅडनं एक अख्खा खंड पडद्यासारखा वापरला, आणि त्यातली माणसं हात, पाय, डोळे आणि आरडाओरड एवढीच उरली, असा अचेबे यांचा मुद्दा होता. पण अचेबे यांची खरी ताकद मला त्या व्याख्यानाहून त्यांच्या १९५८च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत दिसते, कारण तिथे त्यांनी आपल्या स्वतःच्या गावाचं रान दाखवलं. इग्बो गावांना एक ‘दुष्ट रान’ असे. भयंकर रोगांनी मेलेल्यांना तिथे टाकत, आणि जुळी मुलं जन्मली की तीही. मिशनरी देवळासाठी जागा मागायला येतात तेव्हा म्बांटा गावचे वडीलधारे त्यांना हेच रान देतात. चार दिवसांत मरतील, अशी सगळ्यांची खात्री. चार दिवस जातात, मग अठ्ठावीस दिवसांची शेवटची मुदतही जाते. कुणीच मरत नाही. त्यानंतर गावातली एक गरोदर बाई मिशनऱ्यांकडे निघून जाते. तिची आधीची चारही बाळंतपणं जुळ्यांची होती आणि प्रत्येक वेळी पोरं त्या रानात टाकली गेली होती. गावाच्या श्रद्धेला तडा गेला तो नेमका तिथे, जिथे गावानं आपलं नकोसं साठवून ठेवलं होतं. रानाच्या प्रतीकावर याहून सखोल पान मी वाचलेलं नाही.

आता थोडं मागे, अगदी मागे जाऊ. गिल्गामेश या मेसोपोटेमियाच्या महाकाव्यात राजा गिल्गामेश आणि त्याचा मित्र एन्किडू देवदाराच्या रानात जाऊन तिथला राखणदार हुंबाबा याला ठार करतात आणि झाडं तोडून आणतात. हुंबाबा म्हणजे भीषण राक्षस असंच आपण वाचत आलो. २०११ साली इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया इथल्या संग्रहालयानं एक मातीची पाटी मिळवली. तिचं वाचन २०१४ साली प्रसिद्ध झालं आणि पाचव्या पाटीतला हरवलेला भाग सापडला. त्यात रान गजबजलेलं आहे. पाखरं, रातकिडे, माकडं यांचा कल्लोळ चालू आहे, आणि हा सगळा आवाज म्हणजे हुंबाबाच्या दरबारातलं रोजचं संगीत आहे. झाडं तोडून झाल्यावर एन्किडू म्हणतो, आपण या रानाचं उजाड माळरान केलं, आता देवांना काय सांगायचं? एन्किडू स्वतः रानात जनावरांबरोबर वाढलेला, हे ध्यानात घेतलं की तो प्रश्न त्याच्याच तोंडी का आला ते कळतं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रानाच्या देवतेचं, अरण्यानीचं, सहा ऋचांचं एक छोटं सूक्त आहे. कातरवेळी रानात थांबलेल्या माणसाला भास होतात. गुरं चरताहेत, गाडी करकरते आहे, कुणी ओरडलं. भीती आहेच. पण सूक्त पुढे सांगतं, की अरण्यानी आपण होऊन कुणाला मारत नाही, ती सुवासिक आहे, नांगर न धरताही तिच्याकडे अन्न भरपूर आहे. त्याच मंडलातलं रात्रीसूक्त तर रात्रीला काळोख हटवणारी म्हणतं, कारण ती ताऱ्यांचे असंख्य डोळे घेऊन येते. आजच्या झगमगाटात वाढलेल्या वाचकाला हे उमजायला एकदा अमावास्येला गावाबाहेर जाऊन वर बघावं लागेल.

रामायणाचं दंडकारण्य ही गावानं टाकून दिलेल्यांची जागा. कैकेयीला नको असलेला राम तिथे जातो. उत्तरकांड सांगतं, की ते मुळात रान नव्हतंच. तिथे दंड राजाचं राज्य होतं. त्यानं भार्गवांच्या मुलीवर अत्याचार केला आणि शापानं त्या राज्याचं रान झालं. अरण्यकांडाच्या नवव्या सर्गात एक प्रसंग आहे, तो कीर्तनांतून फारसा ऐकू येत नाही. राम ऋषींना राक्षसवधाचा शब्द देऊन बसला आहे. सीता त्याला विचारते, की ज्यांनी आपलं काही बिघडवलं नाही त्यांना वैर नसताना मारायचं का? तपोवनात आलो तर शस्त्र कशाला, रानात रानाचा धर्म पाळावा, असं ती म्हणते, आणि एक दाखला देते. एका तपस्व्याकडे इंद्रानं तलवार ठेवायला दिली, ती सांभाळता सांभाळता तो तिच्याशिवाय पाऊल टाकेना, आणि शेवटी क्रूर झाला. राम आपल्या शब्दाला बांधील राहतो. परंपरा नाशिकच्या पंचवटीला रामाचं रान मानते. पुढे हीच सीता गरोदर असताना लोकापवादापायी गंगेपलीकडे रानात सोडली जाते, आणि तिथे तिला आसरा मिळतो तो वाल्मीकींच्या आश्रमात.

महाभारतानं हा हिशेब फार काटेकोर ठेवला आहे. इंद्रप्रस्थाशेजारचं खांडववन कृष्ण आणि अर्जुन जाळतात. बाहेर पळणारा प्रत्येक जीव टिपला जातो. वाचतात ते मोजके. तक्षक नाग तिथे नसल्यामुळे, त्याचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. वाचलेला मय पांडवांना सभा बांधून देतो. त्या सभेत दुर्योधनाचं हसं होतं, त्यातून द्यूत, आणि द्यूतातून पांडवांनाच बारा वर्षं रान. पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित मरतो तो तक्षकाच्या दंशानं. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधल्या ‘मयसभा’ या प्रकरणात हे दहन निव्वळ अग्नीची भूक म्हणून स्वीकारायला नकार दिला. रानात राहणाऱ्यांसकट रान संपवून जमीन कबज्यात घेणं, या नजरेनं त्यांनी त्याकडे पाहिलं. मराठीत रानाबद्दल इतकं निर्भीड फार थोडं लिहिलं गेलं आहे.

ग्रिम बंधूंच्या देशातून रानांचं आणखी एक शास्त्र निघालं, लाकडाचा हिशेब ठेवणाऱ्या वनव्यवस्थापनाचं. बॉनचा डीट्रिश ब्रँडिस १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. गावकऱ्यांच्या हक्कांबाबत तो त्यातल्या त्यात मवाळ होता, पण १८७८चा वनकायदा कडक निघाला आणि रानं ‘राखीव’ होऊ लागली. जिथे घर होतं तिथे माणसं घुसखोर ठरली. छोटा नागपुरात बिरसा मुंडांचं उलगुलान, म्हणजे मोठं बंड, पेटलं ते १८९९च्या डिसेंबरात, म्हणजे कॉनरॅडची कादंबरी मासिकात आली त्याच वर्षी. बिरसा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात वारले. महाश्वेतादेवींनी त्यांच्यावर लिहिलेल्या ‘अरण्येर अधिकार’ला १९७९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीत अंधार आहे तो तुरुंगाच्या कोठडीत, कचेरीत आणि सावकाराच्या वहीत.

आणि बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची १९३९ची ‘आरण्यक’. लेखक स्वतः भागलपूरकडे एका जमीनदारी इस्टेटीत नोकरीला होते. कादंबरीतला सत्यचरण कलकत्त्याहून रानात व्यवस्थापक म्हणून येतो. आधी त्याला ते ओसाड, भकास वाटतं, मग रानाचं वेड लागतं, आणि काम मात्र एकच, रान तोडून कुळं वसवायची. तिथे युगलप्रसाद नावाचा माणूस आहे. तो लांबून रोपं, बिया आणून रानात लावतो, कुणी सांगितलेलं नसताना. तिथे रानरेड्यांचा एक देव आहे, टाँडबारो. शिकाऱ्यांच्या खड्ड्याकडे कळप येऊ लागला की तो रात्री काळोखात वाटेत उभा राहतो आणि हात वर करून त्यांना अडवतो. युरोपच्या रानात अंधारात उभा असतो तो बहुधा सैतान. इथे अंधारात उभा आहे तो राखणदार, आणि सत्यचरणला ठाऊक आहे, की ज्याच्यापासून राखायचं तो माणूस आपणच.

दान्ते आपल्या अभ्यासक्रमांत आहे, फ्रॉस्ट तर शाळेपासून आहे. त्यांच्या जोडीला ‘आरण्यक’ यायला हवी आणि विद्यार्थ्यांच्या हातात ‘मयसभा’ पडायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं. तोवर वाचकांनी निदान अरण्यकांडाचा नववा सर्ग आणि ‘युगान्त’मधलं ते प्रकरण एकापाठोपाठ वाचावं. दोन्ही मिळून एका बैठकीत संपतात.